बॉनेटखालची पुसलेली जागा

आमच्याकडे सकाळी गाडी काढायची म्हणजे आधी काचेवर तांब्याभर पाणी ओतायचं, मग किल्ली फिरवायची. ऊर्जानगरात, म्हणजे चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या कॉलनीत, किंवा तिच्या भिंतीला लागून जो कोणी राहिला आहे, त्याला हे सांगावं लागत नाही. केंद्राची राख दोरीवरच्या कपड्यांवर बसते, उन्हात घातलेल्या कुरडयांवर बसते, तशी गाडीच्या काचेवरही बसते. हिवाळ्यात तिच्यात दव मिसळलं की तिचा लेप होतो. त्या लेपावर कोरडा वायपर फिरवला तर काचेवर अर्धगोल ओरखडे उठतात आणि ते जन्मभर जात नाहीत. आमच्या गल्लीत पाहुणा कोण आणि घरचा कोण हे गाडीच्या काचेवरून ओळखता येतं.

आमची गाडी बाबांनी निवृत्त झाल्यावर घेतलेली, जुनी आणि पांढरी. पांढरी एवढ्यासाठी, की राख कमी दिसावी. चालवायचे मी, पण ती रस्त्यावर न्यायच्या लायकीची आहे की नाही हे ठरवायचे बाबा. ते तीस वर्षं बॉयलरच्या देखभालीत होते आणि त्यांचं मुख्य काम होतं गळती शोधणं. बॉयलरच्या नळीतून सुटलेली वाफ डोळ्यांना दिसत नाही, म्हणून झाडू पुढे धरून चालायचं आणि झाडूच्या काड्या जिथे कापल्या जातील तिथे थांबायचं, असं ते सांगत. हे मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं आहे, की त्या झाडूचं नाव काढलं तरी मला जांभई येते. घरात नळ गळला तरी प्लंबर बोलवायचा नाही. कंपाउंडच्या भिंतीवरची कोरडी राख चिमटीत घेऊन बाबा नळीवर भुरभुरायचे. जिथे राख काळी पडेल तिथे गळती. पाणी जिथून टपकताना दिसतं तिथून ते निघालेलं नसतं, त्यामुळे आधी डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, असा त्यांचा नियम होता.

आता त्यांना दमा आहे. त्यांच्या आईलाही होता, त्यामुळे त्याबद्दल ते कोणाला दोष देत नाहीत. दिवसातून तीनदा वाफेचं मशीन लावावं लागतं. मशीन आतल्या भिंतीशी, विजेच्या बोर्डाजवळ असतं. त्याची नळी लांब होती, दारापर्यंत जेमतेम पोहोचायची. म्हणून बाबा खुर्ची दारात टाकून, तोंडाला मास्क लावून, फाटकाकडे बघत बसायचे. मी संध्याकाळी ड्यूटीवरून यायचे तेव्हा पहिली दिसायची ती ती खुर्ची. मला त्या खुर्चीचा राग यायचा, हे आता सांगून टाकते. पाच मिनिटं उशीर झाला तरी ते काही बोलायचे नाहीत, फक्त मास्क काढून घड्याळाकडे बघायचे.

मी लॅब टेक्निशियन आहे. चंद्रपुरात पंधरा वर्षं कंत्राटावर काढली. अकरा महिने झाले की एक दिवस घरी बसायचं, मग पुन्हा नवा कागद, पुन्हा तेच काम. रक्ताच्या काचपट्ट्या, सिकलसेलच्या तपासण्या, दिवसभर डोळा भिंगाला. लग्न झालं होतं, ते दोन वर्षांत मोडलं. आई गेली. भाऊ पुण्याला गेला आणि तिथून फोनवर काळजी करतो. त्याच्या फ्लॅटमध्ये बाबांचा जीव गुदमरतो म्हणे, इथली राख मात्र त्यांना मानवते. तर उरले मी. मैत्रिणींनी कसं काय विचारलं, की मी ठरलेलं उत्तर द्यायचे, की मी इथं अडकून राह्यली. इतकी वर्षं तेच सांगत होते, आणि ते खोटं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

मग पक्क्या नोकरीची ऑर्डर आली. जागा आरमोरीची, धानाच्या मुलखात, गडचिरोलीच्याही पुढे. आमच्याकडे कुणाची गडचिरोली जिल्ह्यात बदली झाली की लोक मयतीला भेटायला आल्यासारखे येतात. मला कुणी भेटायला आलं नाही, कारण मी पेढे वाटत सुटले होते. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा यादीतल्या खालच्या नंबरला जाणार होती. मी त्याच दिवशी कंत्राटाच्या जागेचा राजीनामा दिला. म्हणजे शुक्रवार चुकला असता तर हातात हेही नाही आणि तेही नाही.

बाबा सोबत यायला तयार नव्हते. डॉक्टर इथला, सोबतचे रिटायर लोक इथले, घर इथलं. विहारात आईसोबत जाणाऱ्या शेजारच्या बाईंनी दोन्ही वेळचं जेवण आणि येता-जाता डोकावणं अंगावर घेतलं. मी आठवडाभर आरमोरीत खोली करून राहायचं आणि शनिवारी यायचं असं ठरलं. बाबांची अट एकच होती. गाडी घेऊन जायचं. इकडे त्यांना जास्त झालं तर मला ज्या वेळेला निरोप मिळेल त्या वेळेला निघता यावं, आणि संध्याकाळनंतर बसचा काही भरवसा नाही. अट बरोबर होती. मला तर ती आवडलीसुद्धा.

शनिवारी सकाळी मी गाडी काढली, तांब्याभर पाणी ओतलं, आणि वायपरची दांडी ओढून बघितली. रस्त्यात ट्रकनं चिखल उडवला तर तांब्या उपयोगाचा नाही, तिथे बॉनेटवरच्या दोन नोझलांतून पाणी यावं लागतं. आणि आरमोरीच्या वाटेवर मूल गावाच्या अलीकडे वाघांचं जंगल लागतं, तिथे काच पुसायला गाडीतून उतरत नाहीत, हे आमच्याकडे लहान पोरांनाही ठाऊक असतं. दांडी ओढली तशी मोटर घुंईं वाजली. डावीकडच्या नोझलानं जरा पिचकारी मारली. चालवणाऱ्याच्या बाजूचं नोझल मात्र नुसतं ओलं झालं, आणि पाणी काचेवर यायचं सोडून बॉनेटच्या कडेनं खाली टपकायला लागलं.

मी ओढणीची सेफ्टीपिन काढून नोझलात खुपसली. बाबा दारातल्या खुर्चीवरून सगळं बघत होते. मास्क काढून त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की पाणी कशातलं भरतेस. मी म्हटलं, अंगणातल्या ड्रममधलं. दहा वर्षं मी तेच भरत होते. ड्रमवर राखेचा पापुद्रा असतो, तो हातानं बाजूला सारायचा आणि खालचं पाणी घ्यायचं. भांडी त्यानंच घासतो, झाडांना तेच घालतो, मग गाडीला का चालू नये, असा माझा हिशेब. बाबांनी कपाळावर हात मारला नाही एवढंच. तीस वर्षं राखेत काढलेल्या माणसाच्या मुलीनं राखेचं पाणी पिचकारीत भरावं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं.

“गाडी असी नाई जाणार,” ते म्हणाले. “पयले लीक सापडली पाह्यजे.”

चौकातल्या मेकॅनिककडे नेऊ म्हटलं तर तो सगळा सेटच बदलेल आणि नवा सेट नागपूरहून यायला आठवडा लावेल, हे बाबांनी बसल्या जागी सांगून टाकलं. खरं कारण वेगळं होतं. गळती शोधायला दुसऱ्याला बोलावणं त्यांच्यानं होणार नव्हतं.

रविवारी टाकी निघाली. ती डाव्या चाकाच्या आत असते. चाक काढावं लागलं, आतलं प्लास्टिक काढावं लागलं. बाबा पोत्यावर बसून सांगत होते, मी करत होते. टाकीच्या तळाशी राखेचा गाळ होता, भिजवलेल्या सिमेंटसारखा घट्ट. तो लाकडी काडीनं खरवडून काढला, गाळलेल्या पाण्यानं टाकी चारदा धुतली आणि परत बसवली. पाणी तसंच टपकत राहिलं.

सोमवारी दोन्ही नोझलं काढली, गरम पाण्यात लिंबाचा रस पिळून त्यात ठेवली आणि तासाभरानं साफ केली. मी पिन खुपसून एकाचं भोक जरा मोठं केलं होतं, ते बाबांनी दोनदा दाखवलं. मग आरपार हवा जाते का हे बघायला त्यांनी नोझल तोंडाला लावलं. गाल फुगवले. काहीच झालं नाही. त्यांनी पुन्हा एकदा फुंकलं, मग नोझल माझ्या हातात दिलं आणि दुसरीकडे बघायला लागले. मी फुंकलं. हवा आरामात आरपार गेली. मी म्हटलं, अजून थोडी अडकली होती, आता निघाली. बाबा हत्यारं गोळा करायला लागले.

नोझल मोकळं असूनही पाणी टपकतच होतं. म्हणजे गळती टाकी आणि नोझल यांच्यामध्ये कुठेतरी होती. बाबांची पद्धत खालून वर यायची. टाकी झाली, मग मोटर, मग नळी. एक पायरी गाळायची नाही. मी बोटांवर दिवस मोजत होते. बॅग भरून पलंगाशी ठेवली होती, आणि घरात फिरताना दर वेळी मी तिला अडखळत होते. बसनं जाता आलं असतं. हे मला आज सुचतं आहे असं नाही, तेव्हाही सुचत होतं. पण त्या घरात मी चाळीस वर्षांची होईपर्यंत बाबांच्या परवानगीशिवाय गाडी फाटकाबाहेर गेली नव्हती, आणि मीही.

मंगळवारी दुपारी बाबा मशीन लावून बसले होते आणि मास्कमध्येच त्यांचा डोळा लागला. मला त्या पायऱ्यांचा वैताग आला होता. मी भिंतीवरची कोरडी राख मुठीत घेतली, बॉनेट उघडलं आणि बिजागरीपासून नोझलांपर्यंत जाणाऱ्या नळीवर ती भुरभुरली, अगदी ते भुरभुरतात तशी. मग आत बसून दांडी ओढली, पळत येऊन बघितलं. पहिल्या वेळी काही दिसलं नाही. दुसऱ्या वेळी बिजागरीपाशी, जिथे बॉनेट बंद होताना नळी दाबली जाते, तिथे राख काळी पडली. नखाएवढी चीर होती. वरून दिसत नव्हती, नळी वाकवली तरच तोंड उघडायची. आजूबाजूची नळी ताठ झाली होती, बोटानं दाबली की तिचे तुकडे पडतील अशी. म्हणजे तेवढा दीड-दोन हातांचा पट्टा बदलला की काम झालं. अर्ध्या तासाचं काम होतं.

मला आनंद व्हायला हवा होता. मी त्या काळ्या डागाकडे बघत उभी राहिले. मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहिते, कारण ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मनात आलं, की आता जावं लागेल. जंगलातून त्या रस्त्यानं एकटीला जावं लागेल, नव्या गावात खोली बघावी लागेल, चाळिशीत नव्या लोकांत नवीन म्हणून उभं राहावं लागेल. आणि इकडे एखाद्या दुपारी बाबांचा श्वास अडकेल तेव्हा शेजारच्या बाई येईपर्यंत घरात कुणी नसेल. पंधरा वर्षं मी या घराला आणि या माणसाला शिव्या देत होते, की यांनी मला अडकवलं. दार उघडलं तेव्हा माझाच पाय उचलेना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी ओढणीच्या टोकानं तो काळा डाग पुसला. बोटांनी नळी पुसून कोरडी केली, बॉनेट लावलं, हात धुतले. बाबा जागे झाले तेव्हा मी भाजी निवडत होते. त्यांनी विचारलं, काही बघितलंस का. मी म्हटलं, बघितलं, काही सापडलं नाही.

बुधवारचा दिवस मला विसरता येत नाही. बाबा म्हणाले, आता मोटर. मोटर टाकीच्या बुडाशी असते, म्हणजे पुन्हा चाक, पुन्हा प्लास्टिक, पुन्हा टाकी. या वेळी ते पोत्यावर आडवे झाले. त्यांना स्वतःच्या हातानं मोटरचं रबर तपासायचं होतं, कारण माझ्या हातांना गळती कळत नाही असं त्यांचं म्हणणं पडलं. मी पाना द्यायचे, कापड द्यायचे, त्यांचं डोकं टेकायला हात द्यायचे. श्वास लागला की ते थांबायचे, पडल्या पडल्या डोळे मिटून घ्यायचे, आणि मी त्यांच्या बरगड्या वरखाली होताना बघत बसायचे. एक शब्द बोलले असते तर त्यांना उठून बसता आलं असतं. दर मिनिटाला तो शब्द बोलणं जास्त अवघड होत होतं, कारण आता नुसतं कुठे गळतंय एवढंच सांगायचं नव्हतं, काल लपवलं हेही सांगावं लागणार होतं.

दुपारी त्यांनी रबर बदललं. जुन्यात काहीही खोट नव्हती, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. टाकी बसवली, चाक लावलं, दांडी ओढली. पाणी टपकलं. बाबा बराच वेळ त्या थेंबांकडे बघत बसले आणि म्हणाले, की बरं, मग आता उद्या बघू. त्यांच्या आवाजात वैताग नव्हता. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. गळती सापडली नाही की एरवी हा माणूस जेवत नसे.

त्या दिवशी ते नीट जेवले, भात मागून घेतला. मीच ताटावरून उठले.

गुरुवारी सकाळी शेजारच्या बाई डोकावून गेल्या. त्यांनी बॅग बघितली, गाडी बघितली, आणि उद्याचं काय असं विचारलं. मी म्हटलं, बघू, गाडीचंच काही ठरेना. त्या म्हणाल्या, गाडीचं काय घेऊन बसलीस, पहाटे चंद्रपूरवरून एसटी आहे. मला त्यांचा इतका राग आला की चहासुद्धा विचारला नाही. म्हातारी माणसं कधी कधी नेमकं जिथे दुखतं तिथे बोट ठेवतात.

त्या गेल्यावर बाबांनी मला बॉनेट उघडायला सांगितलं. मशीन नुकतंच झालेलं होतं, श्वास जरा मोकळा होता. बॉनेटची काठी लावली. ते टेकू धरून उभे राहिले आणि आत बघत राहिले. मी आज नळीची पाळी असं म्हणायला तोंड उघडलं होतं.

“तुले मंगयवारी सापडली होती ना लीक?” त्यांनी विचारलं.

बाबांनी बोट दाखवलं. बॉनेटखाली दहा वर्षांची राख होती, पट्ट्यांवर, खिळ्यांवर, नळीच्या वळणावळणावर, आणि वर मी मुठीनं टाकलेली. सगळं एकसारखं करडं. फक्त बिजागरीपाशी वीतभर नळी काळीभोर होती. माझ्या ओढणीनं पुसलेली.

“इतक्या बॉनेटमंधी एकच जागा साफ हाय,” ते म्हणाले. “मंगयवारच्या सांजेलेच दिसली.”

मला रडू यायला लागलं, पण आधी राग आला. मी विचारलं, “मंग काल दिवसभर टाकीखाली काऊन पडून राह्यले तुमी? जीव गेला असता तर?”

“मले वाटलं, तू सांगशीन.” त्यांनी टेकूवरचा हात बदलला. मग नळीकडे बघतच म्हणाले, “आन् खरं सांगू का, मलेबी काई घाई नव्हती.”

आम्ही दोघं त्या उघड्या बॉनेटपाशी उभे होतो. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही, त्यांनीही माझ्याकडे बघितलं नाही. काल अख्खा दिवस आम्ही एकमेकांसमोर चाक काढत होतो, चाक लावत होतो, आणि दोघांनाही ठाऊक होतं. मी रडत रडत सांगितलं, की मला भीती वाटते. तुमची वाटते आणि माझीही वाटते. ते म्हणाले, की त्यांनाही वाटते, पण म्हणून कोणी बॉयलर बंद ठेवतं का. हे असलंच काहीतरी ते बोलणार होते. मला हसू आलं, आणि ते आल्याचा रागही आला.

मग त्यांनी मला कामं लावून दिली. घराची दुसरी किल्ली शेजारी देऊन ये, त्यांना माझ्या गोळ्यांच्या वेळा लिहून दे, येताना दुकानातून चहापत्ती आण. मी तासाभरानं परत आले तर बॉनेट बंद होतं आणि बाबा खुर्चीत बसले होते, घामानं भिजलेले. त्यांनी मानेनंच दांडीकडे खूण केली. मी आत बसून दांडी ओढली. दोन्ही नोझलांतून पाणी काचेवर पडलं. मी बॉनेट उघडून बघितलं. बिजागरीपासून पुढे आता हिरवट पारदर्शक नळी होती, दोन्ही टोकांना बारीक तारेनं आवळलेली. वाफेच्या मशीनला असते तशी. मी विचारलं, तर म्हणाले, जुन्या मशीनची माळ्यावर पडून होती, मापाला बरोबर बसली. माळ्यावर चढायचं शिडीवरून आणि शिडी होती शेजारच्या बाईंकडे. संध्याकाळचं मशीनही त्यांनी मी गाडीत सामान भरत असताना आतच उरकलं. हे माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. मी ते लक्षात न घ्यायचं ठरवलं. माझी बॅग गाडीत ठेवायची होती आणि मला पुन्हा काही शोधायचं नव्हतं.

शुक्रवारी उजाडता निघाले. बाबांनीच काचेवर तांब्या ओतला. मूलच्या रस्त्याला जंगलात धुकं होतं. समोरून आलेल्या ट्रकनं सगळी काच चिखलानं भरून टाकली. क्षणभर मला काहीही दिसेना, ना रस्ता, ना कड. मी दांडी ओढली. पाणी आलं, वायपर फिरला, रस्ता दिसला. मी तशीच चालवत राहिले आणि सावली गाव येईपर्यंत रडत होते. दुपारी बारा वाजता आरमोरीत हजेरीपटावर सही केली. ज्यांनी सही घेतली त्यांनी विचारलं, वाटेत काही त्रास नाही ना झाला. मी म्हटलं, नाही.

आरमोरीत सकाळी काचेवर नुसतं दव असतं. पहिल्या आठवड्यात मी रोज तांब्या घेऊन बाहेर आले, रोज घरमालकीण बघत होती. शेवटी तिनं विचारलं, की ताई, रोज काय धुऊन राह्यल्या. मी तांब्या आत नेऊन ठेवला. बाबांशी रोज बोलणं व्हायचं. श्वास बरा आहे, जेवण झालं, मशीन लावलं. पाणी येतं ना काचेवर, एवढंच त्यांना विचारायचं असायचं.

पुढच्या शनिवारी दुपारची ड्यूटी संपवून निघाले. फाटकाशी गाडी थांबवली तेव्हा दारात खुर्ची नव्हती. जिचा मला इतकी वर्षं राग होता तीच. मी गाडी तशीच सुरू ठेवून आत धावले. बाबा आतच होते. खुर्ची बोर्डाजवळ, कोपऱ्यात, भिंतीला गुडघे लागतील इतकी आत सरकवलेली. तोंडाला मास्क होता आणि मशीनपासून मास्कपर्यंतची नळी जेमतेम दोन-अडीच हात उरली होती. माळ्यावर काही पडून नव्हतं. होती ती एकच नळी होती, आणि तिचा उरलेला भाग माझ्या गाडीत होता.

मी गाडी बंद करून आले. खूप बोलायचं होतं. लांब वायरचा बोर्ड लावता आला असता, नवी नळी कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळते, शेजारच्या बाईंनी आणून दिली असती, मला फोनवर सांगता आलं असतं. बॉयलर सांभाळलेल्या माणसाला एक मशीन दारापर्यंत नेता येत नाही का. हे सगळं मी एका दमात बोलले. बाबांनी मास्क काढला.

“दारात तुयी वाट पाहाले बसत होतो,” ते म्हणाले. “आता तू शनवारची शनवार येशीन. रोज दारात बसून काय करू?”

नवी नळी मी दुसऱ्याच दिवशी आणली. ती अजून पाकिटातच आहे, बोर्डाजवळच्या खिळ्याला टांगलेली. बाबा म्हणतात, आहे ती पुरते. गाडीतली नळीही मी बदललेली नाही. आता शनिवारी येताना जंगल लागायच्या आधी मी मूलला थांबते, काचेवर एकदा पाणी मारून बघते आणि घरी फोन करते. त्यानंतर पाऊण-एक तासानं मी फाटकाशी पोचते, तेव्हा बाबांनी मशीन बंद करून खुर्ची दारात आणलेली असते.